फ्रान्स्वा सेव्हेर : शिष्यवृत्तीत मिळालेली मोटार

१९६६ साली फ्रान्समध्ये एका आगळ्या परीक्षेचा निकाल लागला. परीक्षेला बसलेले विद्यार्थी शर्यतीची मोटार चालवायला शिकणारे तरुण होते. प्रश्नपत्रिका नव्हती, उत्तरपत्रिकाही नव्हती. होत्या त्या ठरलेल्या फेऱ्या, आणि त्या मोजणारे घड्याळ. पहिल्या क्रमांकासाठी रोख रक्कम किंवा चषक नव्हे, तर शर्यतीची एक मोटारच ठेवण्यात आली होती. ती मिळाली पॅरिसच्या बावीस वर्षांच्या फ्रान्स्वा सेव्हेर या युवकाला. त्याने ज्यांना मागे टाकले, त्यांत क्लेरमाँ-फेराँ या गावचा आणि त्याच्याच वयाचा पात्रिक देपायये हा तरुण होता.

त्यानंतर सात वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९७३ रोजी, अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे सरावाच्या वेळी झालेल्या अपघातात सेव्हेरचा मृत्यू झाला. त्या वेळी तो २९ वर्षांचा होता. फॉर्म्युला वन मालिकेत त्याच्या नावावर केवळ एक विजय आहे. तरीही फ्रान्समध्ये आज अर्धशतकानंतरही त्याचे नाव अगत्याने घेतले जाते. त्याचे देखणेपण आणि त्याचा अकाली मृत्यू ही त्याची कारणे आहेतच. परंतु एका शिष्यवृत्तीपासून आरंभ करून जगातील सर्वोत्तम संघापर्यंत पोहोचलेला, त्या देशातील एका संपूर्ण पिढीचा तो अग्रणी होता, हे कारण अधिक महत्त्वाचे म्हणावे लागेल.

या शर्यतींची मोटार आपल्या रस्त्यावरील मोटारीसारखी नसते. ती एकासनी असते. चालक मधोमध, जवळजवळ पाठ टेकून बसतो आणि चारही चाके सांगाड्याबाहेर उघडी असतात. दोन मोटारींची चाके परस्परांना लागली की एखादी मोटार हवेत उडू शकते, म्हणून या प्रकारात अंगी नेमकेपणा असावा लागतो. शिडीच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. सेव्हेरच्या उमेदवारीच्या काळात सर्वात खाली एक लिटर क्षमतेच्या इंजिनाची फॉर्म्युला थ्री, तिच्यावर फॉर्म्युला टू आणि शिखरावर १९६६ पासून तीन लिटर इंजिनाची फॉर्म्युला वन. अडचण पहिल्याच पायरीवर होती. मोटार चालवून दाखविल्याखेरीज गुणवत्ता सिद्ध होत नसे आणि गुणवत्ता सिद्ध झाल्याखेरीज कोणी मोटार हाती देत नसे. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांचा हा पेच आपोआप सुटे; इतरांचा सुटत नसे.

यावर इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात एक मार्ग निघाला. जिम रसेल या चालकाने शर्यतीच्या मोटारी शिकविणारी शाळा काढली. फी भरावी, शाळेची मोटार चालवावी, आणि ज्याच्यात धमक असेल त्याने पुढे जावे, अशी ही योजना होती. फ्रान्सने या कल्पनेला स्पर्धेची जोड दिली. शेल या तेलकंपनीच्या नावाने 'व्होलां शेल' ही स्पर्धा सुरू झाली. व्होलां म्हणजे मोटारीचे स्टिअरिंग. एकाच प्रकारच्या मोटारीत सर्व उमेदवारांना बसवायचे, फेऱ्यांची वेळ घ्यायची, गळती करीत करीत मोजक्यांना अंतिम फेरीत आणायचे आणि त्यांतून एकाची निवड करायची. मोटार समान असली की बापाची ऐपत बाजूला राहते, असे त्यामागील गृहीतक. अर्थात सकाळी धावलेल्यास आणि दुपारच्या सरीनंतर धावलेल्यास रस्ता समान मिळतोच असे नाही. परंतु असे दोष कोणत्या परीक्षेत नसतात?

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये ज्यांचे शालेय जीवन गेले, त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही. प्रस्तुत लेखकही त्यांपैकी एक. पोलाद कारखान्याच्या या वसाहतीत नोकरीनिमित्त विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे होती, तशीच देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे होती. सर्वांची क्वार्टर सारखी, भोंगा सारखा आणि मुलांच्या डोक्यावरील परीक्षाही सारख्या. आधी शिष्यवृत्ती, मग प्रतिभाशोध, मग अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा. ज्या घरी यश येई तेथून पेढे निघत आणि ते ज्या घरी पोहोचत, तेथे कित्येकदा एकदोन गुणांनी मागे राहिलेला मुलगा बसलेला असे. त्या दुसऱ्या मुलाचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. सेव्हेरच्या कथेत मात्र त्या दुसऱ्या मुलाचीही नोंद आहे आणि ती विसरून चालणार नाही.

नाव लपविलेले घर

फ्रान्स्वा सेव्हेरचा जन्म २५ फेब्रुवारी १९४४ रोजी पॅरिसमध्ये झाला. शहर तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होते; त्याच्या मुक्ततेला बरोबर सहा महिने अवकाश होता. वडील शार्ल गोल्डनबर्ग हे जवाहिरे. झारच्या रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता आणि युद्धकाळात ते जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत सामील होते. गोल्डनबर्ग हे आडनाव त्या दिवसांत मुलांसाठी मृत्यूचे निमंत्रण ठरले असते. म्हणून मुलांची नोंद आई ह्युगेत यांच्या आडनावाने, सेव्हेर म्हणून करण्यात आली. युद्ध संपल्यावर आडनाव बदलून घेण्याचा विचार झाला, परंतु तोवर मुले सेव्हेर म्हणूनच ओळखली जात होती आणि तेच नाव कायम राहिले. पुढे ज्या नावाने फ्रान्समधील क्रीडाविषयक वृत्तपत्रांचे मथळे सजले, ते मुळात जीव वाचविण्यासाठी घेतलेले नाव होते.

घरात संगीत होते. फ्रान्स्वाने पियानोचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि बेथोव्हेनच्या रचना तो आवडीने वाजवीत असे. वेगाची ओळख मात्र आईच्या व्हेस्पा स्कूटरने करून दिली. सोळाव्या वर्षी तो त्या स्कूटरवरून मित्रांशी शर्यती लावू लागला. आपल्याकडेही ज्या घरी स्कूटर होती त्या घरच्या मुलाने सोळाव्या वर्षी हेच केले आहे. फरक इतकाच की बहुतेकांचा प्रवास तेथेच थांबला. एकोणिसाव्या वर्षी त्याच्याकडे स्वतःची नॉर्टन मोटारसायकल आली आणि काही काळ त्याने दुचाकींच्या शर्यतीतही भाग घेतला. त्यानंतर चार चाकांकडे वळून त्याने लेमां येथील शाळेत प्रशिक्षण घेतले आणि व्होलां शेल स्पर्धेसाठी नाव नोंदविले.

मोटार मिळाली, पुढे काय?

जिंकलेली मोटार होती आल्पिन या फ्रेंच कंपनीची फॉर्म्युला थ्री गाडी. या बक्षिसाचा खरा अर्थ १९६७ च्या हंगामात उमगला. शर्यतीची मोटार ही बैलासारखी असते. ती दारात आली की तिच्या चाऱ्याची चिंता सुरू होते. टायर, इंजिनाची दुरुस्ती, एका गावाहून दुसऱ्या गावी ती वाहून नेण्याचा खर्च, मदतीला एखादा यंत्रज्ञ, हे सर्व शिष्यवृत्तीत समाविष्ट नव्हते. सेव्हेरजवळ पैसा अपुरा होता. शिवाय मोटार जुळवून कशी घ्यावी याचा अनुभवही नव्हता. स्प्रिंग किती कडक ठेवावी, कोणत्या वळणांच्या रस्त्यावर गिअरचे कोणते प्रमाण घ्यावे, अशा गोष्टी शाळेच्या तयार मोटारीत बसणाऱ्याला कोणी शिकविलेल्या नसतात. ते वर्ष जवळजवळ वाया गेले.

येथे शिष्यवृत्ती या योजनेचा एक मूलभूत दोष उघड होतो. तिने दार उघडले, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याची सोय केली नाही. पुढील काळात फ्रान्समध्ये हा दोष दूर करण्यात आला, त्याचा उल्लेख नंतर येईल. सेव्हेरला मात्र तो स्वतःच दूर करावा लागला. १९६८ साठी त्याने प्रायोजक मिळविला, आल्पिन देऊन इटलीच्या टेक्नो कंपनीची अधिक सक्षम मोटार घेतली आणि त्याच वर्षी तो फॉर्म्युला थ्रीचा फ्रान्सचा विजेता ठरला. थोड्या फरकाने दुसरा आलेला चालक होता जाँ-पिएर जाबुई. पुढे १९७९ मध्ये दिजाँ येथे टर्बो इंजिनाच्या रेनो मोटारीला फॉर्म्युला वनमधील पहिला विजय मिळवून देणारा तो हाच.

१९६९ मध्ये टेक्नोने सेव्हेरला फॉर्म्युला टूच्या आपल्या अधिकृत संघात घेतले आणि त्या वर्षीच्या युरोपीय स्पर्धेत तो तिसरा आला. त्याच वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील शर्यतीत एक गोष्ट घडली. जॅकी स्ट्युअर्ट या स्कॉटिश चालकाला सेव्हेरला मागे टाकणे फार जड गेले. स्ट्युअर्ट त्या वर्षी जगज्जेता होणार होता. असा चालक एका तरुणामागे अडकून पडणे ही साधी बाब नव्हती. त्याने आपले संघप्रमुख केन टायरेल यांना या मुलावर लक्ष ठेवण्यास सुचविले.

वखारवाले टायरेल आणि शाळेत हरलेला गुरू

केन टायरेल हे व्यवसायाने लाकडाचे व्यापारी. इंग्लंडच्या सरे परगण्यातील ऑकम गावी त्यांची वखार होती आणि वखारीच्याच आवारातील शेडमध्ये त्यांचा शर्यतींचा संघ काम करीत असे. माणसे पारखणे हे त्यांचे खरे कसब. १९६४ साली गुडवूड येथे त्यांनी एका अपरिचित स्कॉटिश तरुणाला फॉर्म्युला थ्रीच्या मोटारीत बसवून पाहिले. तुलनेसाठी त्याच मोटारीत ब्रूस मॅक्लॅरन हा कसलेला चालक फेऱ्या मारीत होता. तरुणाने मॅक्लॅरनहून कमी वेळ नोंदविला आणि टायरेल यांनी त्याला करारबद्ध केले. तो तरुण म्हणजे जॅकी स्ट्युअर्ट. म्हणजे गुरूही अशाच एका परीक्षेतून वर आला होता.

येथे एक तपशील सांगितलाच पाहिजे. स्ट्युअर्ट शाळेत अत्यंत मागे होता. अक्षरे ओळखण्यात येणाऱ्या अडचणीमुळे त्याने लहान वयातच शाळा सोडली. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात आणि आपल्याला ती आहे, हे त्याला १९८० मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर समजले. कागदावरील प्रत्येक परीक्षेत नापास झालेला हा माणूस रस्त्यावरील परीक्षेत तीन वेळा जगात पहिला आला. सेक्टरमधील आमच्या शिक्षकांना हे ठाऊक असते, तर त्यांनी ते आम्हाला सांगितले असते की नाही, याविषयी शंका वाटते.

१९७० मध्ये टायरेल यांच्या संघातील दुसरा चालक जॉनी सर्व्होज-गाव्हँ याने हंगामाच्या आरंभीच अचानक निवृत्ती पत्करली. डोळ्याला झालेल्या इजेमुळे त्याचा आत्मविश्वास गेला होता. संघाला तेल आणि पैसा पुरविणाऱ्या एल्फ या फ्रेंच कंपनीची इच्छा होती की जागा फ्रेंच माणसालाच मिळावी. कंपनीची इच्छा आणि स्ट्युअर्टची शिफारस एकाच नावावर येऊन थांबल्या. २१ जून १९७० रोजी हॉलंडमधील झांडव्होर्ट येथे सेव्हेर प्रथमच फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्याच शर्यतीत ब्रिटिश चालक पियर्स करेज जळून मरण पावला. व्यवसायाचे हे रूप पहिल्याच दिवशी समोर आले.

पुढील चार हंगाम हे या जीवनकथेतील सर्वात समृद्ध पर्व होय. शर्यतींच्या जगात एकाच संघातील दोन चालकांचे संबंध बहुधा संशयाचे असतात, कारण मोटार समान असल्याने दोघांपैकी कमी कोण हे लगेच कळते. स्ट्युअर्ट आणि सेव्हेर यांच्यात मात्र वेगळेच नाते जुळले. स्ट्युअर्टने आपली विद्या हातची राखून ठेवली नाही. ब्रेक कोठे लावावा, कोठे सोडावा, मोटारीला झटका न देता वळणातून कसे काढावे, मोटार कशी जुळवावी, हे सर्व त्याने शिष्यास खुलेपणाने दाखविले. १९६७ मध्ये ज्या ज्ञानावाचून सेव्हेरचे वर्ष वाया गेले होते, ते त्याला आता जगातील उत्तम शिक्षकाकडून मिळत होते. आपल्या भाषेत शिष्यवृत्ती हा शब्द शिष्याच्या उदरनिर्वाहासाठी आहे, परंतु वृत्तीचा दुसरा अर्थही त्यात दडलेला आहे. सेव्हेरला पहिली मिळाली १९६६ मध्ये आणि दुसरी त्याने या चार वर्षांत कमावली.

१९७१ मध्ये टायरेल संघ स्वतः बनविलेल्या मोटारी घेऊन उतरला. फ्रान्स आणि जर्मनी येथे स्ट्युअर्ट पहिला, सेव्हेर दुसरा असे निकाल लागले. मग हंगामातील शेवटची शर्यत आली, ३ ऑक्टोबर १९७१ रोजी, वॉटकिन्स ग्लेनची. आरंभी आघाडीवर असलेल्या स्ट्युअर्टचे टायर उन्हाने तापून ढिले पडू लागले आणि चौदाव्या फेरीत सेव्हेर पुढे आला. जॅकी इक्सने त्याचा पाठलाग केला, पण इक्सच्या मोटारीत बिघाड होऊन रस्त्यावर तेल सांडले. त्या तेलावरून डेनी हल्म घसरून कठड्यावर आदळला. सेव्हेरही घसरला, त्याची मोटार कठड्याला घासली, परंतु त्याने ती सावरली आणि सुमारे ४० सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. बक्षिसाची रक्कम होती ५० हजार डॉलर, त्या काळातील सर्वात मोठ्या रकमांपैकी एक. मॉरिस त्रँतिन्याँ याने १९५५ व १९५८ मध्ये मोनाको येथे मिळविलेल्या विजयांनंतर जागतिक मालिकेतील शर्यत जिंकणारा सेव्हेर हा दुसराच फ्रेंच चालक होता. त्या वर्षी जागतिक क्रमवारीत तो तिसरा आला.

१९७२ चे वर्ष साधारण गेले. बेल्जियम आणि अमेरिका येथे दुसरा, फ्रान्समध्ये चौथा, एवढेच पदरी पडले. लेमांच्या २४ तासांच्या शर्यतीत न्यूझीलंडच्या हाउडन गॅनलीसह मात्रा मोटारीतून मिळविलेला दुसरा क्रमांक तेवढा उल्लेखनीय. परंतु याच वर्षी एक जुनी ओळख नव्याने जुळली. क्लेरमाँ-फेराँ येथे झालेल्या फ्रेंच शर्यतीसाठी टायरेल यांनी आणखी एक मोटार उतरविली आणि तीत बसला पात्रिक देपायये. सहा वर्षांपूर्वी ज्याला शिष्यवृत्ती मिळाली नव्हती तोच. आदल्या वर्षी तो फ्रान्सचा फॉर्म्युला थ्री विजेता ठरला होता. आपल्याच गावी, आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या संघात, तो फॉर्म्युला वनमधील पहिली शर्यत धावला.

सावलीतून बाहेर येताना

१९७३ मध्ये सेव्हेर सहा वेळा दुसरा आला. त्यांपैकी तीनदा त्याच्या पुढे स्ट्युअर्टच होता. ५ ऑगस्ट रोजी जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंग येथे, डोंगराळ जंगलातून जाणाऱ्या त्या लांबलचक रस्त्यावर, सेव्हेर शेवटपर्यंत गुरूच्या मागोमाग धावला आणि दुसराच राहिला. तो मनात आणता तर आपल्याला मागे टाकू शकला असता, असे स्ट्युअर्टने पुढे मान्य केले आहे. तो स्ट्युअर्टचा सत्ताविसावा आणि अखेरचा विजय ठरला. शिष्याने संधी असूनही ती का घेतली नाही, याला संघाची शिस्त असे एक उत्तर आहे. आदर हे दुसरे. बहुधा दोन्ही खरी असावीत.

एक गोष्ट सेव्हेरला ठाऊक नव्हती. वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीनंतर निवृत्त होण्याचे स्ट्युअर्टने त्या वर्षी केव्हाच ठरविले होते. ती त्याची शंभरावी शर्यत होणार होती. हे टायरेल यांच्यासह अगदी मोजक्या व्यक्तींना माहीत होते. १९७४ मध्ये संघाचा पहिला चालक सेव्हेर असणार होता आणि ज्या जागेसाठी तो इतकी वर्षे थांबला, ती त्याच्यासाठी रिकामी झालीच होती. फक्त त्याला कोणी सांगितले नव्हते.

सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या मॉसपोर्ट येथे त्याची दक्षिण आफ्रिकेच्या जोडी शेक्टर या उमद्या पण उतावळ्या चालकाशी टक्कर झाली. सेव्हेरचे घोटे दुखावले. दोघांत शब्दाला शब्द वाढला. योगायोग असा की या टकरीनंतर फॉर्म्युला वनच्या इतिहासात प्रथमच सुरक्षा मोटार रस्त्यावर आणण्यात आली, आणि दुसरा योगायोग असा की पुढील हंगामात हाच शेक्टर टायरेल संघात दाखल होणार होता.

६ ऑक्टोबर १९७३, शनिवार. वॉटकिन्स ग्लेनच्या त्या रस्त्यावर एकापाठोपाठ उलटसुलट येणाऱ्या वळणांचा एक चढाचा भाग आहे. अग्रस्थानासाठी रॉनी पीटरसनशी चुरस चालू असताना सेव्हेरची मोटार तेथे डावीकडील कडेला घासली, उजव्या कठड्याला लागली आणि तेथून फिरून समोरच्या कठड्यावर जवळजवळ काटकोनात आदळली. लोखंडी पट्ट्यांचा तो कठडा उखडून वर उचलला गेला. सेव्हेरचा जागीच मृत्यू झाला. मदतीसाठी प्रथम थांबलेल्यांत शेक्टर होता. दोन वर्षांपूर्वी सेव्हेरने आपला एकमेव विजय मिळविला, तो याच रस्त्यावर.

सराव पुन्हा सुरू झाला तेव्हा स्ट्युअर्ट मोटार घेऊन त्या वळणांवर गेला. काय घडले असावे हे त्याला स्वतः पाहावयाचे होते. टायरेल संघाच्या त्या मोटारीची पुढच्या आणि मागच्या चाकांमधील लांबी कमी होती, त्यामुळे या भागात ती उसळत असे. स्ट्युअर्ट तेथून पाचव्या गिअरमध्ये जात असे, म्हणजे इंजिनाचा जोर कमी आणि मोटार शांत. सेव्हेर चौथा गिअर पसंत करी. त्यात पुढच्या चढासाठी जोर मिळे, पण मोटार चंचल राही. गुरूने दिलेल्या सर्व धड्यांपैकी या एका ठिकाणी शिष्याने स्वतःचे मत राखले होते. अपघाताचे कारण हेच, असे निश्चितपणे म्हणता येत नाही; स्ट्युअर्टचे निरीक्षण म्हणूनच ते नोंदवावे लागते. त्यानंतर टायरेल संघाने शर्यतीतून माघार घेतली आणि उत्पादकांचा जागतिक चषक लोटस संघाकडे गेला. स्ट्युअर्ट ९९ शर्यतींवरच थांबला. तिसऱ्यांदा जगज्जेता झालेल्या या माणसाने शंभरावी शर्यत कधीच केली नाही. सेव्हेर त्या वर्षीच्या क्रमवारीत चौथा राहिला.

वॉटकिन्स ग्लेन येथेच पुढील वर्षी ऑस्ट्रियाचा हेल्मुट कोइनिग अशाच कठड्यावर आदळून मरण पावला. १९७५ मध्ये त्या वळणांवर वेग कमी करणारी रचना करण्यात आली. सेव्हेरचे दफन पश्चिम फ्रान्समधील वोदेलने या गावी झाले आहे.

शिष्यवृत्तीची नंतरची पाने

दरम्यान फ्रान्समध्ये या स्पर्धांचा विस्तार झाला होता. शेलच्या जोडीला एल्फ कंपनीने 'पिलोत एल्फ' ही स्पर्धा सुरू केली आणि पूर्वीची उणीव भरून काढली; विजेत्याला केवळ मोटार न देता पुढील हंगाम धावण्याची सोय करून देण्यात येऊ लागली. १९७१ मध्ये पात्रिक ताँबे, १९७२ मध्ये दिदिए पिरोनी तिचे विजेते ठरले. त्याच वर्षी रने आर्नू व्होलां शेल जिंकून पुढे आला. १९७५ मध्ये ही संधी आलँ प्रोस्त याला मिळाली. त्याने १९७६ च्या फॉर्म्युला रेनो मालिकेत तिचे चीज केले आणि नंतर चार वेळा जगज्जेतेपद मिळविले. ज्या देशात १९५८ ते १९७१ पर्यंत जागतिक शर्यत जिंकणारा एकही चालक निघाला नव्हता, तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी आघाडीच्या संघांत फ्रेंच नावांची रीघ लागली. या रांगेत सर्वात पुढे सेव्हेर उभा आहे, हे विसरले जाते.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने या स्पर्धेशी एक धागा जुळतो. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन श्रीपेरुंबुदूर येथील पहिल्या शर्यतीनंतर फ्रान्सच्या विनफिल्ड शाळेत गेला आणि १९९२ च्या पिलोत एल्फ स्पर्धेत त्याने उपान्त्य फेरी गाठली. तो विजेता ठरला नाही. ६ मार्च २००५ रोजी मेलबर्न येथे जॉर्डन संघाच्या मोटारीत बसून तो फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय ठरला.

आणि देपायये? १९७३ च्या अखेरच्या दोन शर्यतींसाठी, म्हणजे मॉसपोर्ट आणि वॉटकिन्स ग्लेनसाठी, टायरेल यांनी त्याला तिसरी मोटार देऊ केली होती. परंतु थोड्याच दिवसांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय मोडला आणि ती मोटार ख्रिस एमनकडे गेली. त्यामुळे सेव्हेरच्या अखेरच्या दिवशी तो तेथे नव्हता. १९७४ च्या हंगामाच्या आरंभी ऑकमच्या वखारीतून निघालेल्या दोन मोटारींवर नवी नावे होती : शेक्टर आणि देपायये. १९६६ मध्ये मागे राहिलेला तरुण त्याच संघात पोहोचला होता. त्याच वर्षी स्वीडनमध्ये तो सर्वांच्या पुढे, पहिल्या स्थानावरून निघाला आणि शेक्टरच्या मागे दुसरा आला. पहिल्या विजयासाठी त्याला ७ मे १९७८ पर्यंत थांबावे लागले. तो दिवस मोनाकोचा होता आणि मोटार टायरेलचीच. १ ऑगस्ट १९८० रोजी हॉकेनहाइम येथे दुसऱ्या संघाच्या मोटारीची चाचणी घेताना त्याचा मृत्यू झाला. त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवसाला आठ दिवस उरले होते.